बेस गिटारचा सेटअप घरच्या घरी: नेकपासून पिकअपपर्यंत

गेल्या जूनमध्ये आमच्या सोसायटीतला एक मुलगा बेस घेऊन घरी आला. म्हणाला, "काका, हा विकायचाय. माझी बोटं लहान आहेत, बेस माझ्यासाठी नाही." मी बेस मांडीवर घेतला आणि पहिल्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी, ई ही सगळ्यात जाड तार दाबली. माझाही अंगठा ठणकला. पट्टी लावून पाहिलं तर सतराव्या फ्रेटवर तार फ्रेटच्या जवळजवळ पाच मिलिमीटर वर होती. बोटांचा काही दोष नव्हता. दुकानातून आणल्यापासून तो बेस कुणी नीट लावलाच नव्हता. दोन तास काम केलं, आणि तोच मुलगा त्याच बेसवर पहिल्या फ्रेटपासून सलग स्केल वाजवू लागला. विकायचा विषय तिथेच संपला.

आपल्याकडे तंबोरा "लावतात". त्यात नुसते सूर जुळवणं नसतं. घोडीचा उतार, जवारी, तारेखालचा दोरा, मणी, सगळं त्यात आलं. मिरजेचा कारागीर जवारीवर तासन् तास बसतो ते वाद्य बोलतं करण्यासाठी. बेस गिटारलाही तसंच लावावं लागतं, त्यालाच सेटअप म्हणतात. महागड्या बेसचा सेटअप बिघडला तर तो स्वस्त बेसपेक्षा वाईट वाजतो, आणि स्वस्त बेस नीट लावला तर स्टेजवर मानाने उभा राहतो. नवीन बेस घ्यायचे पैसे साठवत असाल तर जरूर साठवा, पण त्याआधी हातातला बेस लावून पाहा.

हे वाद्य मुळातच खोलून लावता यावं असं बनवलेलं आहे. १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस आणला. डबल बेसला फ्रेट नसतात, सूर कानाने शोधावा लागतो. इथे फ्रेट होते, सूर नेमका लागायचा, म्हणून नाव प्रिसिजन. नेक, म्हणजे दांडा, स्क्रूने बॉडीला जोडलेला, ब्रिजवर, म्हणजे बॉडीवरच्या घोडीवर, तारेची उंची हलवायची सोय. आज बाजारात मिळणारे बहुतेक बेस याच वळणाचे आहेत, त्यामुळे खाली लिहिलेलं जवळजवळ सगळ्यांना लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कामाचा क्रम बदलायचा नाही. आधी तारा, मग नेक, मग तारेची उंची, मग इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर खरा लागणं) आणि शेवटी पिकअप (तारांखालचं, त्यांचं कंपन टिपणारं चुंबक). प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला हलवते. नेक न बघता आधी ब्रिज खाली केला तर नंतर सगळं पुन्हा करावं लागतं.

काय काय जवळ हवं

ट्यूनर लागेल. मोबाइलवरचं ॲप चालतं, पण खर्जाच्या तारांना क्लिपचा ट्यूनर आणि मोबाइलचा माइक दोन्ही चाचपडतात. केबलने जोडायचा ट्यूनर असेल तर उत्तम. एलन कीचे दोन संच घ्या, एक मिलिमीटरचा आणि एक इंचाचा. अमेरिकी घडणीच्या बेसना इंची माप लागतं, आशियात बनलेल्या बऱ्याच बेसना मिलिमीटरचं. किंचित सैल बसणारी की वापरून जोर लावला की आतले कोपरे झिजतात आणि मग ती की कायमची फिरत राहते. की आत खोल, घट्ट बसली पाहिजे. बसत नसेल तर ते माप तुमचं नाही, दुसरं बघा.

स्टार स्क्रू ड्रायव्हर, एक चांगली कटर आणि एक कॅपो, म्हणजे तारा फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, जिचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो. प्लास्टिकच्या शाळेच्या पट्टीत टोकापाशी दोन-चार मिलिमीटर कोरी जागा असते, ती इथे उपयोगाची नाही.

आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच. हे मोटरसायकल मेकॅनिककडे असतं, टॅपेट सेट करायला तो हेच वापरतो. हार्डवेअरच्या किंवा ऑटो स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. नाहीच मिळालं तर अकूस्टिक गिटारच्या बारा नंबरच्या सेटमधली पहिली तार घ्या. तिची जाडी एका इंचाच्या बारा हजारांश भागाइतकी, म्हणजे ०.३ मिलिमीटर असते, आणि आपल्याला नेमकं तेवढंच मोजायचं आहे.

मापं मी मिलिमीटरमध्ये देतो, पण सुतारकामातलं "सूत" माहीत असेल तर तेही डोक्यात ठेवा. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.२ मिलिमीटर. बेसच्या कामात पाऊण सूत आणि एक सूत ही मापं वारंवार येतात.

शेवटची वस्तू म्हणजे वही. काहीही फिरवण्याआधी आत्ताची मापं लिहून ठेवा: नेकचा बाक, दोन्ही टोकांच्या तारांची उंची, पिकअपची उंची. बिघडलं तर परत यायची वाट त्या पानावर असते.

तारा बदलणं

सेटअप हा विशिष्ट जाडीच्या तारांसाठी असतो. चार तारांचा मिळून नेकवर ८० किलोच्या आसपास ताण असतो, म्हणजे एक धडधाकट माणूस कायम नेकला लोंबकळतोय असं समजा. तारेची जाडी बदलली की हा ताण बदलतो आणि नेक हलतो. म्हणून ज्या तारा पुढे वापरणार आहात त्या आधी चढवा. नेहमीच्या सेटमध्ये सगळ्यात बारीक, म्हणजे 'जी' (G) तार ४५ आणि ई तार १०० किंवा १०५ असते, इंचाच्या हजारांश मापात. पाच तारांच्या बेसवर बी तार १२५ किंवा १३० ची.

सगळ्या तारा एकदम काढू नका. एक काढा, एक लावा. सगळ्या काढल्या की नेकवरचा ताण एकदम जातो, आणि काही ब्रिजवर सॅडल्स, म्हणजे तारा टेकतात ते छोटे तुकडे, सुटून पडतात. फ्रेटबोर्ड नीट साफ करायचा असेल तर मात्र सगळ्या काढाव्या लागतात, तेवढ्यापुरतं चालेल. रोजवुडचा, न पॉलिश केलेला फ्रेटबोर्ड असेल तर लेमन ऑइलचे दोन थेंब कापडावर घेऊन पुसा. मेपलचा, लॅकर दिलेला असेल तर तेल नको, किंचित ओलसर कापड आणि लगेच कोरडं कापड पुरे. फ्रेट घासायला स्टील वूल वापरायचा मोह आवरा. त्याचे कण पिकअपच्या चुंबकाला चिकटतात आणि मग निघता निघत नाहीत.

आता तार कापण्याची पद्धत. तार ब्रिजमधून ओढून खुंटीपर्यंत आणा आणि खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटीमीटर जास्त सोडा. आधी तिथे काटकोनात वाकवा आणि वळणाच्या पुढे कापा. न वाकवता कापली तर वरची गुंडाळी आतल्या गाभ्यावरून घसरते आणि ती तार मग कायम मेलेली वाजते. नवी कोरी, महागाची तार अशी वाया गेलेली मी पाहिली आहे. कापलेलं टोक खुंटीच्या मधल्या भोकात खाली खुपसा, आणि दोन ते तीन वेढे वरून खाली येतील असे गुंडाळा. वेढे खाली उतरले की तार नटवर, म्हणजे खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीवर, घट्ट दाबून बसते. एकाच वेढ्यावर ठेवली तर घसरते, सहा वेढे घातले तर सूर टिकत नाही.

तार सुरात आणल्यावर एक छोटं काम राहतं, जे बहुतेक जण करत नाहीत. जाड तार वळणावर गोल कमान करून बसते, टोकदार वळण घेत नाही. सॅडलच्या अगदी पुढे, आणि नटच्या पुढे फ्रेटबोर्डच्या बाजूला, अंगठ्याने तार हलकीच खाली दाबा. ती जागेवर बसते. हे केल्यावर ई तार वाजवून ऐका. आधी तिचा आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा यायचा, आता त्यात पोलादाची धार ऐकू येईल. मग पुन्हा सूर लावा, तारा हाताने हलके ओढा, पुन्हा सूर लावा. सूर उतरायचा थांबेपर्यंत हे करत राहा.

तारांच्या प्रकाराबद्दल एवढंच की स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून, वाजवणाऱ्यांना स्टीलच्या गोल गुंडाळीच्या तारा आवडतात, सगळीकडे चालणाऱ्या निकेलच्या, आणि जुन्या, गोल, ठोक्याच्या आवाजासाठी सपाट गुंडाळीच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड. मराठी-हिंदी जुनी गाणी वाजवणाऱ्या वाद्यवृंदात असाल तर एकदा फ्लॅटवाउंड लावून बघाच. बोटंही कमी झिजतात आणि फ्रेटही.

नेक आणि ट्रस रॉड

नेक अगदी सरळ असावा असं वाटतं, पण तसं नसतं. वाजलेली तार मध्यभागी सगळ्यात जास्त हलते, म्हणून नेकला मध्यभागी तारेपासून दूर जाणारा अगदी पुसट बाक हवा. त्याला रिलीफ म्हणतात. हा बाक तारांच्या ताणामुळे येतो, आणि नेकच्या पोटातली लोखंडी कांब, म्हणजे ट्रस रॉड, त्याला आवर घालते. दोघांची रस्सीखेच चालू असते आणि आपण फक्त एका बाजूचा जोर कमी-जास्त करतो.

मोजायचं असं. बेस पूर्ण सुरात हवा आणि वाजवताना धरतो तसाच मांडीवर हवा, टेबलावर उताणा नको. कारण टेबलावर नेक स्वतःच्या वजनाने आणि टेकूने वेगळा वागतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. उजव्या हाताने ई तार जिथे नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दाबा. आता ताणलेली तार हीच तुमची ओळंब्याची दोरी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली आणि फ्रेटच्या माथ्यावर किती फट आहे ते बघा. ०.३ मिलिमीटरचं पातं किंवा ती गिटारची तार फटीत सरकवा. तार वर न उचलता, किंचित घासून ती जात असेल तर रिलीफ बरोबर आहे.

फट खूप मोठी असेल तर रॉड आवळायचा. फटच नसेल, तार फ्रेटला टेकलेली असेल, तर रॉड सैल करायचा. रॉडच्या डोक्याकडे तोंड करून बघितलं की घड्याळाच्या दिशेने फिरवणं म्हणजे आवळणं आणि उलट दिशेने म्हणजे सैल करणं. हे डोकं काही बेसवर हेडस्टॉकपाशी, म्हणजे खुंट्यांच्या टोकाला असतं, काहींवर बॉडीच्या टोकाला. जुन्या घडणीच्या काही बेसवर तर ते नेक खोलल्याशिवाय दिसतच नाही.

एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचं नाही. पहिल्यांदा करत असाल तर पाव फेराही नको, त्याच्या निम्मा. आवळण्याआधी मधल्या दोन तारा थोड्या सैल करा, रॉडवरचा भार कमी होतो. फिरवा, सूर पुन्हा लावा, पुन्हा मोजा. बऱ्याच नेक लगेच प्रतिसाद देतात, काही मात्र रात्रभर हळूहळू सरकतात. घाई नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा.

हाताला काय जाणवतं त्याकडे लक्ष द्या. रॉड व्यवस्थित असेल तर जोर लागतो, पण तो एकसारखा, घट्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा लागतो. मध्येच करकर आवाज आला, किंवा एकदम अडला आणि पुढे जाईना, तर तिथेच थांबा. अडलेल्या रॉडवर जोर काढून तो तुटला तर बहुतेक वेळा नेकच बदलावा लागतो. थांबून कारागिराकडे नेलात तर काहीही बिघडलेलं नसतं.

एक गैरसमज बऱ्याच ठिकाणी दिसतो. तारा उंच वाटतात म्हणून लोक रॉड आवळतात. तारांची उंची कमी करायला ब्रिज आहे. रॉड फक्त बाकासाठी. आवळल्यावर तारा थोड्या खाली येतात हे खरं, पण नेक उलटा वाकला की पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर सुरू होते आणि मग कारण सापडत नाही.

नट

इथे फक्त तपासा. प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर फट बघा. केसाएवढी दिसली पाहिजे. बोटाने टिचकी मारली की "टिक" असा बारीक आवाज यावा. फट मोठी असेल तर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तार दाबायला जड जाते आणि सूर चढतो. त्या मुलाच्या बेसची अर्धी तक्रार हीच होती. पण नटची खाच खोल करायला प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते. घरातली कानस किंवा पॉलिश पेपर लावून खाच रुंद झाली, किंवा एका झटक्यात खोल गेली, तर नवा नट बसवावा लागतो. हे काम कारागिराला द्या. मीही त्या दिवशी तेवढं काम बाहेरूनच करून आणायला सांगितलं.

तारेची उंची

याला ॲक्शन म्हणतात. कॅपो काढा. सतराव्या फ्रेटवर, तार न दाबता, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. सुरुवातीला ई तारेला २.४ मिलिमीटर, म्हणजे पाऊण सूत, आणि जी तारेला २ मिलिमीटर ठेवा. मधल्या दोन त्यांच्या अधेमधे, पण फ्रेटबोर्ड सपाट नसून त्याला बाक असतो हे विसरू नका. चारही तारांची ओळ त्या बाकाला धरून गेली पाहिजे. ब्रिजकडे एक डोळा मिटून बघितलं की एखादी तार ओळ सोडून वर किंवा खाली गेलेली लगेच कळते.

सॅडलमध्ये दोन बारीक स्क्रू असतात. दोन्ही सारखे फिरवा, नाहीतर सॅडल तिरकं बसतं. वर उचलताना तार थोडी सैल करा, म्हणजे स्क्रूच्या आट्यांवर भार येत नाही. समुद्राकाठच्या घरांत हे स्क्रू गंजून बसतात. आधी बारीक ब्रशने धूळ काढा, कापसाच्या काडीने एक थेंब शिलाई मशीनचं तेल लावा, तासभर थांबा आणि मग की लावा.

किती खाली न्यायचं हा आवडीचा प्रश्न आहे, आणि इथे मला काही सांगायचं आहे. तार जितकी खाली तितका सेटअप चांगला असं अनेकांना वाटतं, पण ते खरं नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमरसन १९६२ चा प्रिसिजन वाजवायचे, तारा उंच, त्याही जाड फ्लॅटवाउंड आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या. उजव्या हाताच्या एकाच बोटाने ते वाजवायचे आणि त्या उंचीमुळेच आवाजाला तो भरीव गोलवा यायचा. उलट वेगात, मऊ हाताने, वरच्या फ्रेटवर वाजवणाऱ्याला तार खालीच हवी. तुमचा उजवा हात जड असेल तर २ मिलिमीटरच्या हट्टापायी आयुष्यभर खरखर ऐकत बसू नका. अर्धा मिलिमीटर वर घ्या आणि निर्धास्त वाजवा.

इंटोनेशन

मोकळी तार सुरात आहे, पण बाराव्या फ्रेटवर दाबली की सूर चढलेला किंवा उतरलेला येतो. याचं कारण तारेची लांबी. नेहमीच्या बेसवर नटपासून सॅडलपर्यंतचं मूळ माप ३४ इंच, पण दाबताना तार ताणली जाते आणि जाड तार टोकाशी वळत नाही. म्हणून प्रत्येक तारेला थोडी जास्त लांबी द्यावी लागते, जाड तारेला अधिक. बरोबर लावलेल्या ब्रिजवर सॅडल्स एका रेषेत नसतात, ई सगळ्यात मागे सरकलेलं दिसतं. १९५१ च्या मूळ प्रिसिजनवर चार तारांना मिळून दोनच सॅडल्स होती, त्यामुळे दोन तारांमध्ये तडजोड करावीच लागायची. १९५७ च्या घडणीत चार झाली, आणि आज आपण ते सुख गृहीत धरतो.

नवी तार आवश्यक. जुनी तार ठिकठिकाणी झिजलेली असते, तिचा सूर कधीच खरा सांगता येत नाही. टोनची कळ पूर्ण बंद करा, म्हणजे ट्यूनरला मूळ सूर स्पष्ट मिळतो. मोकळ्या ई तारेची कंपनं सेकंदाला फक्त ४१ असतात, ट्यूनरला त्या खोलीत वाचायला मदत लागते.

बाराव्या फ्रेटच्या नेमक्या वर तारेला, न दाबता, नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवा आणि सूर अचूक लावा. मग त्याच फ्रेटवर तार नेहमीच्या जोराने दाबून वाजवा. दाबलेला सूर चढलेला असेल तर सॅडल मागे न्या, नेकपासून दूर. उतरलेला असेल तर पुढे आणा. दर वेळी तार सैल करून मगच ब्रिजच्या मागचा स्क्रू फिरवा. दोन्ही सूर एकमेकांपासून दोन सेंटच्या आत आले की झालं. एका अर्ध्या सुराचे शंभर सेंट, त्यातले दोन कानाला कळत नाहीत. ई तारेचं सॅडल पूर्ण मागे जाऊनही सूर चढलेलाच येत असेल, तर त्या स्क्रूवरची स्प्रिंग काढून टाका किंवा अर्धी कापा. मागे जायला तेवढी जागा मिळते.

पिकअप

शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपच्या चुंबकापासून तारेपर्यंतचं अंतर मोजा. ई बाजूला एक सूत, जी बाजूला पाऊण सूत, ही चांगली सुरुवात. पिकअप खूप जवळ आला तर चुंबक तारेलाच ओढतं, वरच्या फ्रेटवर सूर थरथरतो, आणि आपण उगाच इंटोनेशनला दोष देत बसतो. आवाज वाढवायला ॲम्प आहे, पिकअप वर उचलू नका. चारही तारा सारख्या जोराने वाजवून ऐका. एखादी मागे पडत असेल तर ती बाजू थोडी वर घ्या.

खरखर कुठून येते ते शोधणं

सगळं करूनही तार फ्रेटला लागून खरखरते. आता अंदाजाने स्क्रू फिरवू नका, जागा शोधा. प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवा आणि वहीत खूण करा. खरखर फक्त मोकळ्या तारेला असेल तर नटची खाच खोल गेली आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर नेक जास्त सरळ किंवा उलटा वाकलेला, रॉड किंचित सैल करा. बाराव्याच्या पुढे असेल तर तार खाली गेली आहे. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे. जुनं एटीएम कार्ड घ्या, त्याची सरळ कड तीन फ्रेटवर आडवी ठेवा. मधला उंच असेल तर कार्ड डुलतं. असा फ्रेट घासणं हे कारागिराचं काम.

पण त्याआधी ॲम्प लावून ऐका. न जोडता वाजवताना ऐकू येणारी बरीचशी खरखर ॲम्पमधून येतच नाही, आणि मग ती दुरुस्त करायचीही गरज नसते. दुसरं, स्वतःचा हात बघा. बोट दोन फ्रेटच्या मध्यावर पडतंय की फ्रेटच्या अगदी मागे? मागे पडलं तर निम्म्या जोरात स्वच्छ सूर येतो. मला भेटलेल्या नव्या वादकांची जवळपास निम्मी खरखर बोटाची जागा बदलून गेली आहे.

वीज आणि गुणगुण

ही पायरी सेटअपच्या यादीत सहसा नसते. मी मुद्दाम घेतो.

तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, हे बरोबरच आहे. तारा आतून अर्थला जोडलेल्या असतात. जॅझ बेसच्या घडणीत दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचे, पिकअप असतात. एकच उघडा ठेवला तर गुणगुण येते, दोन्ही सारखे उघडले की बहुतेक जाते. ॲक्टिव्ह बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबल खुपसली की ती चालू होते. वाजवून झालं की केबल काढा, नाहीतर बॅटरी उगाच उतरत राहते आणि ऐन कार्यक्रमात आवाज फाटायला लागतो.

पण तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा माइकला ओठ लागताच चटका बसला, तर वाजवणं तिथेच थांबवा. तो बेसचा दोष नाही. प्लग-बोर्डच्या अर्थिंगचा आहे, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. गणेशोत्सवातल्या मंडपात तात्पुरती वायरिंग असते, खाली ओली जमीन, वर गळणारी ताडपत्री, आणि कुणीतरी ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन मोडून टू-पिन सॉकेटमध्ये घातलेली. असं दिसलं तर संयोजकांशी स्पष्ट बोला, इलेक्ट्रिशियनला बोलवायला सांगा, आणि तोपर्यंत केबल जोडू नका. कार्यक्रम उशिरा सुरू झाला तरी चालेल. माझ्या किटमध्ये सॉकेट तपासायचा छोटा टेस्टर कायम असतो, तुम्हीही ठेवा.

पाऊस, थंडी आणि एसी

लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर आणि विदर्भात एप्रिल-मे, ही दोन टोकं आहेत. माझ्या स्वतःच्या बेसचा रिलीफ पावसात वाढतो आणि तारा वर येतात. तुमचा उलट वागू शकतो, लाकूडच ते. म्हणून ठरीव दिशेने रॉड फिरवू नका, मोजा. कोरड्या हवेत किंवा दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बाजूने हाताला टोचू लागतात. ती घासून घ्यावी लागतात.

वर्षातून दोनदा, पाऊस स्थिरावल्यावर आणि दिवाळीनंतर, नेक आणि ॲक्शन तपासा. बहुतेक वेळा रॉडला पाव फेऱ्याहून कमी काम पुरतं. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने वरून आणि खालूनही पुसा, घामाने आणि दमट हवेने त्या महिन्याभरात काळ्या पडतात. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाका. मे महिन्यात गाडीच्या डिकीत बेस ठेवू नका, अर्ध्या तासासाठीसुद्धा नको.

सगळं झालं की बेस रात्रभर स्टँडवर राहू द्या. सकाळी सूर लावा, रिलीफ पुन्हा एकदा मोजा, वहीत तारीख घालून नवे आकडे लिहा. मग ॲम्प जोडून, आवाज मध्यम ठेवून, ई तारेपासून प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवा, शेवटच्या फ्रेटपर्यंत. प्रत्येक सूर पूर्ण विरेपर्यंत थांबा आणि मगच पुढच्यावर जा.